द्राक्षाची ती वाईन, मोहाचा तो सडवा!

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि मी दारूच्या बाजूनं लिहितोय असं ज्याला पहिल्या चार ओळींत वाटेल त्यानं निदान शेवटपर्यंत वाचावं, मग कमेंट टाकावी. मी घेत नाही. घेणाऱ्याच्या घरी काय होतं ते खाप्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, प्रत्येक गल्लीत एक उदाहरण आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. या राज्यात एका पांढऱ्या फळाची दारू हा शेतीमाल प्रक्रिया उद्योग आहे आणि एका पांढऱ्या फुलाची दारू हा गुन्हा आहे. फळ मूळचं फ्रान्सचं. फूल आपल्या कन्हानच्या काठचं.

मार्च-एप्रिल लागला की पेपरात एक फोटो येतो. तुम्ही शंभरदा पाहिला असेल. नाल्याच्या काठी निळे प्लास्टिकचे ड्रम, त्यामागे ओळीनं उभे असलेले साहेब लोक, आणि एका कोपऱ्यात पदरानं तोंड झाकलेली एखादी बाई. खाली ओळ ठरलेली: 'मोहफुलाचा सडवा नष्ट, इतक्या हजारांचा मुद्देमाल जप्त.' तो सडवा तिथंच नाल्यात ओततात. बाईवर दारूबंदी कायद्याचं कलम ६५ लागतं. पुढच्या महिन्यात तीच जागा, तेच ड्रम, बहुतेक वेळा तीच बाई.

आता शब्द पाहा. नाशिकला स्टीलच्या टाकीत द्राक्षाचा रस आंबतो, त्याला फर्मेंटेशन म्हणायचं आणि तिकीट काढून लोकांना दाखवायचं. इकडे ड्रममध्ये मोहफूल आंबतं, त्याला सडवा म्हणायचं आणि नाल्यात ओतायचं. दोन्हीकडं काम एकच चाललंय: साखर आहे, खमीर आहे, साखरेचा मद्यार्क होतोय. कोणी शहाणा म्हणेल की वाईन नुसती आंबवलेली असते, मोहाची भट्टीवर गाळलेली असते, तेव्हा तुलना चुकीची. ठीक आहे. मग ब्रँडी धरा. ब्रँडी म्हणजे द्राक्षाचीच गाळलेली दारू. ती दुकानात काचेच्या कपाटात असते. तिचा ड्रम कोणी नाल्यात ओतल्याचं मला आठवत नाही.

द्राक्षवाल्यांशी माझं भांडण नाही, उलट त्यांचं कौतुक आहे. सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्यांनी परदेशी थॉमसन सीडलेसच्या बागांमधून वेगळ्या दिसणाऱ्या फांद्या निवडून तास-ए-गणेश, सोनाका अशा आपल्या जाती उभ्या केल्या. हे काम कुठल्याही संशोधकाला शोभेल असं आहे. सरकारही त्यांच्या मागं उभं राहिलं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, उत्पादन शुल्कात सूट दिली. वाईनवर २० टक्के व्हॅट आहे, पण त्यातले १६ टक्के कारखानदाराला परत मिळतात, अशी योजना आहे. मधल्या काळात ती थंडावली होती, तर तिला पुन्हा चालना दिली. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की वाईन किराणा मालाच्या मोठ्या दुकानात, सुपर मार्केटात विकायची. का? शेतकऱ्याच्या भल्यासाठी. वाईन म्हणजे दारू नव्हे, असंही त्या वेळी मोठमोठ्या लोकांनी आपल्याला समजावून सांगितलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, ओरड झाली, तो निर्णय अमलात आला नाही. पण सरकारचं मन कुठं आहे ते तर कळलं ना!

बरं, नाशिकच्या पांढऱ्या वाईनला कोणतं द्राक्ष लागतं? प्रामुख्यानं शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ. दोन्ही फ्रान्सहून आलेली. आपल्या मातीत चांगली रुजली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मिरची पण बाहेरून आली आणि भिवापूरची झाली. पण मग जे बाहेरून आलंच नाही, जे इथंच होतं, त्याचं काय?

ज्यांच्याकडून आपण वाईन शिकलो ते आपल्या घरच्या वाणाशी कसं वागतात ते एकदा बघा. ग्रीसमध्ये सँटोरिनी नावाचं बेट आहे. सिनेमात, कॅलेंडरवर पाहिलं असेल, पांढरी घरं आणि निळे घुमट. ज्वालामुखीच्या राखेचं बेट, पाऊस जेमतेम, वारा असा की उभा वेल टिकत नाही. तिथं असिर्तिको नावाचं पांढरं द्राक्ष आहे, त्या बेटाचंच. तिथला शेतकरी मांडव घालत नाही. वेल जमिनीवरच गोल गोल वळवून त्याची टोपली विणतो आणि द्राक्ष त्या टोपलीच्या आत धरतात, म्हणजे वारा लागत नाही आणि पहाटेचं दव आत साचतं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं युरोपभरच्या द्राक्षबागा मुळापासून खाल्ल्या. या बेटाच्या राखाडी मातीत ती कीड जगू शकली नाही, म्हणून तिथले वेल आजही स्वतःच्याच मुळावर उभे आहेत.

हे सगळं पूर्वी काय होतं? गरीब बेटावरच्या गरीब लोकांचं पिणं. घरच्या हौदात पायानं तुडवलेली द्राक्षं. आज त्याच पिण्यासाठी जगभरचे लोक विमानानं येतात. कारण सरकारनं त्या शेतकऱ्याच्या हौदावर छापा टाकला नाही, १९७१ साली 'सँटोरिनी' हे नाव कायद्यानं राखून दिलं. त्या बेटाबाहेरच्या द्राक्षाच्या वाईनवर ते नाव लावता येत नाही. सायप्रसमध्ये झिनिस्तेरी आहे, माल्टाच्या एवढ्याशा बेटावर जिरजेंटिना आहे. प्रत्येकाला आपलं घरचं पांढरं द्राक्ष प्यारं.

आपलं घरचं पांढरं द्राक्ष म्हणजे मोहफूल. गंमत म्हणून नाही म्हणत. ताजं फूल हातात घेऊन पाहा: गोल, मांसल, रसानं भरलेलं, पिवळसर पांढरं. वाळवलं की मनुकेसारखं तपकिरी होतं आणि मनुकेसारखंच गोड लागतं. आमच्या घरी आजी वाळलेलं मोहफूल भाजून तिळासोबत कुटायची, त्याचे लाडू. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठात मोह घालून भाकर व्हायची, गुळाची गरज नसायची. बियांच्या तेलात दिवाही लागायचा आणि भाजीही व्हायची. दुष्काळात गोंडी गावंच्या गावं या एका झाडावर जगली. लग्नात मोहाची डहाळी, मयतीला मोहाची धार, बड्या देवापुढं मोहाची धार. दारू हा या झाडाचा एक उपयोग आहे, सगळा उपयोग नाही. पण सरकारच्या फायलीत मोह म्हणजे फक्त दारू, म्हणून झाडावरच संशय.

हा संशय कधीपासूनचा? इथं जरा इतिहास बघावा लागतो. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ साली मोहाचा कायदाच केला. ठाणे-कुलाब्याकडं मोहफूल गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं आली. फुलावर, लक्षात घ्या, दारूवर नाही. कारण लोक स्वतःची गाळून पिऊ लागले तर ठेकेदाराच्या गुत्त्यावर कोण जाणार आणि सरकारला आबकारी कोण देणार? आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात होता, तो कायदा इकडं नव्हता. आणि इकडची गंमत तर आणखी भारी. मध्य प्रांतात सरकारी ठेक्याची दारूसुद्धा मोहाचीच असायची! म्हणजे तेच फूल, तीच वाफ. ठेकेदारानं गाळली तर महसूल, गोंडानं गाळली तर गुन्हा. नीतीचा प्रश्न नव्हताच, पहिल्यापासून गल्ल्याचा प्रश्न होता.

स्वातंत्र्य मिळालं, १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यात मोहफूल पुन्हा अडकलं. गोळा करायला, साठवायला, वाहून न्यायला बंधनं. झाड तुमच्या धुऱ्यावर, फूल तुमच्या अंगणात, पण पोतं भरून बाजारात निघालात तर कागद दाखवा. ही बंधनं राज्य सरकारनं काढली २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१ चा हिशेब ज्यानं त्यानं करावा. उशिरा का होईना, काढली, हे बरं झालं. ज्यांनी काढली त्यांचे आभार.

पण पुढच्याच वर्षी काय झालं? २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं आणखी एक निर्णय घेतला. काजूबोंडं, मोहफुलं अशा स्थानिक मालापासून केलेल्या मद्याला 'देशी'च्या यादीतून काढून 'विदेशी मद्य' हा दर्जा द्यायचा. नीट वाचा. विदेशी. मोहाची दारू विदेशी! नागपूर शहर १७०२ साली देवगडच्या ज्या बख्त बुलंद शाहनं वसवलं, त्या गोंड राजाच्या लोकांची दारू विदेशी. आणि 'देशी' म्हणजे काय? कारखान्यात बहुतेक उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क, त्यात पाणी, रंग आणि सुवास. आपल्याकडं तर 'संत्रा' नावानं विकतात. आमच्या बगिच्यात संत्रा मातीमोल भावानं पडून असतो आणि दुकानात 'संत्रा' धडाक्यात खपते, जिचं खऱ्या संत्र्याशी नातं वासापुरतं. ती देशी. आणि ज्या झाडाला इथल्या जंगलानं जन्म दिला ते विदेशी. पिण्याच्या एक दिवसाच्या परवान्याची फीसुद्धा देशीची दोन रुपये आणि विदेशीची पाच. म्हणजे विदेशी झाल्यानं मान वाढला म्हणायचा.

सरकारचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. देशीच्या बाटलीत राहिलं तर मोहाला कधी चांगला भाव येणार नाही, म्हणून वरच्या वर्गात टाकलं, हे समजतं. पण परवाना घ्यायला लागणारी जागा, यंत्रं, फी, गोदाम, हिशेब हे सगळं कारखानदाराच्या मापाचं आहे. गावातल्या दहा बायांच्या बचत गटाच्या मापाचं नाही. म्हणजे उद्या एखादा मोठा बाटलीवाला मोहाला छान इंग्रजी नाव देईल, बाटलीवर वारली चित्र छापेल (वारली का, गोंडी चित्र का नाही, हा प्रश्नही कोणी विचारणार नाही) आणि मुंबईच्या हॉटेलात हजारोंना विकेल. आणि नाल्याकाठच्या बाईवर कलम ६५ तसंच राहील.

आता या व्यवहारात पैसा कुठं जातो ते बघू. मोह रात्री उमलतो आणि पहाटेपासून गळतो. वेचणाऱ्या बाया चारला घर सोडतात. आपल्या खापा वनपरिक्षेत्राच्या कडेला, पुढं पारशिवनी-रामटेककडं तर आणखीच, तुम्ही मार्चमध्ये सकाळी गेलात तर दिसतील. एक मावशी मला म्हणाली होती, "ऊन निंगाच्या आंधी वेचा लागते भाऊ. नाई त माकडं खाते, ढोरं खाते, अन् आमच्या वाट्याले पाला." कंबर वाकवून चार तास. मग घरी आणून अंगणात चार-पाच दिवस वाळवायचं, मध्ये अवकाळी आला की सगळं काळं. २०२० साली केंद्रानं वाळलेल्या मोहफुलाचा आधारभूत भाव १७ वरून ३० रुपये किलो केला. तीस रुपये! आणि आधारभूत भावानं घ्यायला सरकारी केंद्र प्रत्येक गावी नसतं, तिथं खाजगी व्यापारी असतो. तो हंगामात घेतो, कोरड्या गोदामात ठेवतो, आणि पावसाळ्यात त्याच वस्तीत वाढीव भावानं विकतो. विकणारी आणि घेणारी बाई एकच. मधल्या चार महिन्यांचं भाडं तिच्या पदरून.

एवढा भाव असल्यावर झाड कोण टिकवणार? आपल्याकडच्या धुऱ्यांवरचे मोह किती कमी झाले ते जुन्या माणसांना विचारा. संत्र्याच्या बगिच्यावर सावली पडते, तोडा. ट्रॅक्टर वळत नाही, तोडा. बियापासून लावलेला मोह फुलायला आठ-दहा वर्षं घेतो, म्हणून नवीन कोणी लावत नाही. जे जंगलात आहेत त्यांच्या खालचा पाला जाळतात, फूल स्वच्छ दिसावं म्हणून, आणि ती आग कधी कधी टेकडीवर चढते. वनविभागाचा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण मध्य प्रदेशात झाडाखाली जाळी बांधून फूल झेलायची पद्धत आणली. जमिनीला न लागलेलं, खाण्याजोगं फूल. ते लंडनच्या एका कंपनीला किलोला ११० रुपयांनी द्यायचं ठरलं. ३० आणि ११०. फरक कशाचा? एका जाळीचा आणि कोणीतरी मध्ये उभं राहण्याचा.

मध्य प्रदेश काही लांब नाही. सावनेरवरून निघालं की केळवद, पुढं सीमा, मग सौंसर. नातेवाईक दोन्हीकडं. तिथं आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची गाळायला कायद्यानं सूट आहे. २०२२ पासून तिथं 'हेरिटेज' मद्याचं धोरण आहे आणि मोहाची दारू गाळून विकायचा परवाना आदिवासी बचत गटांनाच. अलिराजपूरची 'मोंड', डिंडोरीची 'मोहुलो', अशी नावं बाटल्यांवर आली. म्हणजे सीमेच्या पलीकडं जी बाई उद्योजक आहे ती अलीकडं आली की आरोपी. झाड तेच, फूल तेच, गोंडी बोलीही तीच. मधे फक्त एक नाका.

आणि गोवा? काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारनं कायदा बदलून तिला देशी दारूच्या खात्यातून काढलं आणि 'गोव्याचं वारसा मद्य' म्हटलं. विदेशी नाही म्हटलं, वारसा म्हटलं. शब्द सापडत नसेल तर शेजाऱ्याकडून उसना घ्यायला काय हरकत होती? आणि काजू तर पोर्तुगीजांनी आणलेलं झाड आहे! त्याला वारसा म्हणता येतं, मोहाला म्हणता येत नाही?

आता विरोधाकडं येतो. तो खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत आल्या, २०१५ मध्ये तिथं बंदी झाली, २०२१ मध्ये उठली. या बाया वेड्या नव्हत्या. नवऱ्याच्या हाताचा मार आणि पोराच्या शाळेचे पैसे गुत्त्यावर जाताना त्यांनी पाहिले. त्यांच्यापुढं 'संस्कृती, संस्कृती' करत नाचणारे शहरी लोक मला आवडत नाहीत. गोंडी परंपरेत मोह देवाला आहे, सणाला आहे, मयतीला आहे. रोज संध्याकाळी पगार उडवायला नाही. तो फरक आदिवासी समाजातले जाणते लोक स्वतःच करतात, आपण शिकवायची गरज नाही.

पण मला सांगा, सध्याच्या व्यवस्थेत खाप्यातल्या किंवा कोणत्याही गावातल्या बाईला संरक्षण काय आहे? सरकारमान्य दुकान सकाळी उघडतं. तिथली बाटली कारखान्याची. महसूल मुंबईला जातो, नफा मालकाला, मार घरी. त्या दुकानावर फोटो काढायला कोणी जात नाही, कारण तिथं परवाना भिंतीवर लावलेला आहे. म्हणजे कायदा दारूच्या विरोधात नाहीच. कायदा गरिबानं दारू करण्याच्या विरोधात आहे. पिण्याला पूर्ण मोकळीक आहे, फक्त विकत घेऊन प्या आणि मोठ्याकडून घेऊन प्या.

दुसरा आक्षेप विषारी दारूचा. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. ती मिथेनॉलनं मेली, कारखान्याच्या वापराचं रसायन दारूत मिसळलं होतं. मोहफुलानं नाही. पण हे पण खरं की चोरून लावलेल्या भट्टीत आज नुसतं मोहफूल नसतं. धाड पडायच्या आत आंबावं म्हणून गूळ, नवसागर, कोण काय टाकेल सांगता येत नाही. पत्र्याचा डबा, शिशाचा डाग दिलेली नळी. पहिल्या धारेला लोक भाव जास्त देतात, आणि नको ते पदार्थ जास्त करून तिच्यातच येतात. चांगला गाळणारा माणूस पहिली धार थोडी बाजूला टाकतो. पण चोरून गाळणाऱ्याला टाकायला परवडत नाही आणि शिकवायला कोणी येत नाही. तपासणी कोणाची करणार? ज्याचं अस्तित्वच नाल्यापलीकडं लपलंय त्याची? परवाना असेल तर नमुना घेता येतो. चोरीत फक्त ड्रम फोडता येतो.

तर मग मला काय पाहिजे? गल्लोगल्ली मोहाची दुकानं नकोत. स्पष्ट लिहितो, नकोत. आणि वर्धा-गडचिरोलीच्या बंदीला हात लावा असंही मी म्हणत नाही. तिथलं तिथल्या बाया बघतील.

पहिलं काम तर दारूचं नाहीच. मोहफूल हे अन्न म्हणून धरा. संत्र्यासाठी नागपुरात केंद्रीय संशोधन संस्था आहे, द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला आहे. मोहाची 'थार मधु' ही निवडलेली जात गुजरातेत गोध्र्याच्या केंद्रानं काढली, आपण तिची कलमं आणून बांधावर का लावू नयेत? जाळ्या द्या, वाळवायला ओटे द्या, तालुक्याला एक कोरडं गोदाम द्या. बाईनं मोह हंगामात गोदामात ठेवून पावती घ्यावी आणि भाव आल्यावर विकावा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर आदिवासींचा आणि इतर पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क लिहिलेला आहे. आपला नागपूर जिल्हा पेसाच्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इकडचे अधिकारी 'तुम्हाला लागू नाही' म्हणून मोकळे होतात. पेसा लागू नाही, वनहक्क कायदा लागू आहे. दोन वेगळे कायदे आहेत. हे कोणी तुम्हाला टेबलावर सांगितलं तर लेखी मागा.

दुसरं, घरच्या सणावाराच्या आणि देवाच्या कामापुरती गाळणाऱ्या आदिवासी कुटुंबावर गुन्हा दाखल करणं बंद करा. मध्य प्रदेशात चालतं, इथं आभाळ कोसळणार नाही.

आणि विक्रीचा परवाना द्यायचाच असेल तर तो बायांच्या गटाला द्या, छोट्या मापाचा, तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्याचा, प्रत्येक खेपेची तपासणी करून, आणि माल बाहेर विकायचा, गावात नाही. त्यावर 'विदेशी' लिहू नका. ज्या रानाचा मोह त्या रानाचं नाव लिहा. आणि एक अट सगळ्यात वर: दारूच्या दुकानासाठी जी 'आडव्या बाटली'ची तरतूद आहे, गावातल्या बायांनी बहुमतानं दुकान बंद करायची, ती या परवान्यालाही जशीच्या तशी लागू करा. उघडायचं पण बायांनी ठरवावं, बंद करायचं पण बायांनी. माझ्यासारख्या चावडीवर बसून पोस्ट लिहिणाऱ्यानं नाही.

१६ टक्के व्हॅट परत देण्याइतका दिलदारपणा सरकारकडं आहे, हे आपण नाशिकमध्ये पाहिलंय. मोहासाठी परत काही देऊ नका. फक्त ड्रम ओतायच्या आधी एकदा विचारा की हा कायदा मूळचा कोणाच्या गल्ल्यासाठी केला होता.

कमेंटमध्ये 'आधी रस्त्याचं बोला', 'आधी पाण्याचं बोला' असं लिहिणारे येतीलच. रस्त्यावर मी मागच्याच महिन्यात लिहिलंय, खाली स्क्रोल करा.

कामाचं: मोह मार्चमध्ये लागतो. त्याच्या आधी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, आजूबाजूच्या गावांनी दोन ठराव घ्यावेत. एक, वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्याचा, जिथं अजून केला नसेल तिथं. दोन, आधारभूत भावाचं खरेदी केंद्र आणि गोदाम तालुक्याला मिळावं म्हणून. आपल्या खाप्यात नगर परिषद आहे, ग्रामसभा नाही, त्यामुळं आपण वॉर्डातल्या सह्या गोळा करून तहसीलला देऊ. दोन्ही मसुदे मी साध्या मराठीत लिहून ठेवलेत. पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाकावं, पाठवतो. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्यासाठी छापील प्रती बाजाराच्या दिवशी माझ्याकडं असतील.